रोज्याची ताकद रात्री साठवायची असते

हर्णै बंदराजवळच्या एका गावातून एका ताईंचा प्रश्न आला आहे. त्यांचे मिस्टर, वय 46, यांत्रिक बोटीवर तांडेल (बोटीचे मुख्य) आहेत. गेल्या रमजानमध्ये दहाव्या रोज्यापासून असरच्या, म्हणजे दुपारनंतरच्या नमाजेच्या, सुमाराला त्यांचं डोकं ठणकायला लागायचं, पोटऱ्यांत गोळे यायचे, आणि एकदा तर जाळं ओढताना डोळ्यांपुढे अंधारी आली. ताई स्वतः अंगणवाडीत काम करतात. महिनाभर रोजे धरूनही त्यांचं वजन वाढतं आणि छातीत जळजळ होते. सासूबाई 67 वर्षांच्या आहेत. त्यांना डायबिटीसच्या गोळ्या आणि दोन वेळचं इन्सुलिन चालू आहे, पण ‘एकही रोजा चुकवणार नाही’ असं त्यांचं म्हणणं आहे. मुलगा दहावीला. ‘सगळ्यांची ताकद महिनाभर टिकेल असं एखादं टॉनिक सांगा,’ असं ताईंनी लिहिलं आहे.

ताई, असं टॉनिक नाही. मी 27 वर्षं याच किनाऱ्यावर दवाखाना चालवतो आणि तितकीच वर्षं स्वतः रोजे धरून पेशंट तपासतो. रमजानमध्ये ‘अशक्तपणा’ म्हणून जे येतात, त्यांच्या अंगात अन्न कमी पडलंय असं मला फार क्वचित दिसतं. कमी पडतं ते पाणी, मीठ आणि झोप. या तिन्ही गोष्टी दिवसा भरून काढता येत नाहीत. मगरिबपासून (सूर्यास्ताच्या नमाजेपासून) फजरपर्यंतच्या (पहाटेच्या नमाजेपर्यंतच्या) वेळेतच त्या साठवाव्या लागतात, आणि नेमका तोच वेळ आपण तळलेलं खाण्यात आणि मोबाइलवर घालवतो.

आपल्याकडे रोजा किती तासांचा असतो, ते आधी पाहू. हिजरी वर्ष चांद्र असल्यामुळे रमजान दरवर्षी 10-11 दिवस अलीकडे सरकतो आणि साधारण 33 वर्षांत सगळे ऋतू फिरून येतो. कोकणपट्टीवर थंडीत रोजा सव्वाबारा-साडेबारा तासांचा असतो, जूनमध्ये साडेचौदापर्यंत जातो आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये 13 तासांच्या आसपास. धडधाकट माणसाला एवढे तास अन्नाशिवाय काढणं जड नाही. सेहरीचं (पहाटे रोजा सुरू होण्याआधीचं) अन्न पहिले तीन-चार तास पुरतं, मग यकृतात साठवलेली साखर कामी येते आणि दिवस कलेल तशी चरबी. शरीराकडे ही सोय आहे. पाण्याची मात्र अशी साठवण शरीरात नाही.

आता तुमच्या मिस्टरांकडे येतो, कारण त्यांचा रोजा घरातल्या सगळ्यांपेक्षा कष्टाचा आहे.

पहाटे मतलई वारा असतो तोवर बोटीवर बरं वाटतं. पण हा जमिनीकडचा वारा उशिरापर्यंत वाहत राहिला आणि समुद्राकडचा वारा यायला दुपार झाली, की फेब्रुवारी-मार्चमध्येही पारा 37-38 च्या वर जातो. त्यात आपली हवा दमट. घाम येतो पण वाळत नाही, म्हणून अंग थंड होत नाही, म्हणून शरीर आणखी घाम काढतं. जाळं ओढणाऱ्या माणसाचा बनियन पिळला तर पाणी गळतं आणि वाळला की त्यावर मिठाचे पांढरे पट्टे दिसतात. धुताना तुम्ही ते पाहिले असतील. अंगातून मीठ किती जातं, ते त्या पट्ट्यांवरूनच ओळखा. पोटऱ्यांतले गोळे त्यामुळेच येतात. आणि दहाव्या रोज्यापासूनच का? कारण रोजची तूट रोज पूर्ण भरली गेली नाही. आज थोडी, उद्या थोडी, अशी ती दहा दिवस साचत गेली.

यावर उपाय म्हणून लोक सेहरीला एका दमात तांब्याभर पाणी पितात. त्यातलं बरंचसं पाणी दोन तासांत लघवीवाटे निघून जातं आणि भरल्या पोटी मळमळतं ते वेगळंच. पाणी वाटून प्यायचं. रोजा सोडताना दोन पेले, तेही घोटाघोटाने. जेवणाबरोबर एक. तरावीहला (रमजानमधल्या रात्रीच्या नमाजेला) जाताना बाटली सोबत न्यायची आणि अधूनमधून दोन-चार घोट घ्यायचे. झोपण्याआधी एक-दोन पेले, सेहरीला उठल्या उठल्या एक आणि सेहरी संपताना एक. बोटीवर जाणाऱ्या माणसाचं रात्रभरात अडीच ते तीन लिटर झालं पाहिजे, अंगणवाडीत सावलीत काम करणाऱ्या तुम्हाला दोन-सव्वादोन लिटर पुरेल. ज्यांना हार्टचा किंवा किडनीचा त्रास आहे आणि डॉक्टरांनी पाणी मोजून दिलं आहे, त्यांनी हे आकडे बाजूला ठेवावेत.

पाणी पुरलं की नाही हे लघवीचा रंग सांगतो. सेहरीच्या वेळी ती फिकट पिवळी असली पाहिजे. तेव्हाच गर्द पिवळी असेल, तर त्या दिवशीचा रोजा जड जाणार हे पहाटेच समजून घ्यावं आणि बोटीवरची जड कामं वाटून द्यावीत. आपल्या बोटींवर दालदी (मुस्लिम मच्छीमार) आणि कोळी खलाशी शेजारी शेजारी काम करतात. रमजानमध्ये दुपारची ओढ रोजा नसलेल्यांनी घ्यायची आणि इतर वेळी परत करायची, असं ठरवलेल्या बोटी मी पाहिल्या आहेत. तांडेल तुमचे मिस्टरच आहेत, त्यांना हे सहज ठरवता येईल.

मीठ भरून काढायला महागडी पावडर लागत नाही. खूप घाम गेलेल्या दिवशी ओआरएसचं एक पाकीट लिटरभर पाण्यात कालवून रात्रभरात संपवावं. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा आणि माप नेमकं, कारण मीठ जास्त झालं तर अपाय होतो. बीपी असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे रोज घेऊ नये.

कोकमाबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण इथे बरेच जण गफलत करतात. बाटलीतलं सरबत म्हणजे कोकमाच्या सालींत साखर भरून मुरवलेला पाक. पेलाभर सरबतात सहज तीन-चार चमचे साखर जाते. आगळ वेगळं. तो मीठ घातलेला रस आहे, त्यात साखर नसते. घामाच्या माणसाला आगळ उपयोगी पडतं: दोन चमचे आगळ, मोठा पेला पाणी, चिमूटभर जिरेपूड. मात्र बीपीवाल्यांना त्यातलं मीठ बाधतं. शहाळं चांगलंच, पण त्यात पोटॅशियम भरपूर आणि सोडियम कमी असतं. म्हणजे घामातून गेलेलं मीठ एकट्या शहाळ्याने भरत नाही, आणि किडनीच्या पेशंटला तर ते न विचारता देऊच नये. लाल सरबताच्या पेल्याला मी रोजची जागा देणार नाही. पाहुणे आले तर ठीक.

डोकेदुखीचं अर्धं कारण पाणी, अर्धं चहा. बंदरावरचा माणूस दिवसाला सहा-सात कप चहा सहज पितो. शेवटच्या कपानंतर 12 ते 24 तासांत डोकं दुखायला लागतं, म्हणजे नेमकं असरच्या वेळी. शाबानच्या (रमजानच्या आधीच्या महिन्याच्या) शेवटच्या दहा दिवसांत दर दोन दिवसांनी एक कप कमी करत दोनवर आणा. मग रमजानमध्ये एक कप इफ्तारनंतर तासाभराने आणि हवा तर अर्धा सेहरीला. आणखी एक विनंती. डोकं दुखतं म्हणून सेहरीला पेनकिलर घेऊन समुद्रावर जाऊ नये. अंगात पाणी कमी असताना डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्या किडनीला इजा करतात आणि पोटालाही. लागलीच तर पॅरासिटामॉल, तीही रात्री.

बोटीवर ऊन चढलं की डोक्यावर ओला पंचा बांधावा, मानेवर आणि हातांवर पाणी मारावं. अंग भिजवल्याने रोजा जात नाही, आणि त्या अर्ध्या बादलीने अंगाची तगमग बरीच उतरते.

सेहरीला काय खावं, या प्रश्नाचं माझं उत्तर बऱ्याच जणांना जुनाट वाटतं. उकड्या तांदळाची पेज. माझी आई रात्री झोपताना तांदूळ भिजत घालायची आणि तीनला उठून चुलीवर ठेवायची. दाणा फुटला की वरून जाड, चिकट पाणी सुटतं. ते पाणी ओतून टाकायचं नाही, त्यातच चवीपुरतं मीठ आणि चमचाभर तूप घालायचं. आम्ही भावंडं अर्धवट झोपेत वाटीला तोंड लावून ती प्यायचो. तेव्हा ते गरिबाचं खाणं वाटायचं. आज डॉक्टर म्हणून पाहतो तर एका वाटीत पाणी, मीठ आणि हळूहळू पचणारा तांदूळ, तिन्ही आहे. तिच्यासोबत काहीतरी प्रोटीन हवं, नाहीतर दहा वाजता भूक लागते: दोन उकडलेली अंडी, नाहीतर कुळथाची उसळ, नाहीतर रात्रीच्या कालवणातले माशाचे दोन तुकडे. पेज नको असेल तर नाचणीची किंवा तांदळाची भाकरी आणि दही. सोबत एखादं केळं किंवा कलिंगडाची फोड.

सेहरीला सुकट, खारा बांगडा, लोणचं, पापड नकोत. खारवलेलं इतकं खाल्लं की दुपारी बारालाच जीभ टाळूला चिकटते. ‘मिठाचं पाणी प्या म्हणता आणि खारं खाऊ नका म्हणता?’ असं एका खलाशाने मला विचारलं होतं. त्याचं विचारणं बरोबर होतं. मीठ लिटरभर पाण्यात पसरून रात्रभर घेतलं तर ते पाणी धरून ठेवतं. तेच मीठ सुक्या मासळीतून एकदम गेलं आणि वर दिवसभर पाणी नसलं, तर ते तहान वाढवतं.

सेहरी अजिबात चुकवू नका. झोप मोडायला नको म्हणून रात्री अकरालाच जेवून झोपणारे आहेत. त्यांचा 13 तासांचा रोजा 19 तासांचा होतो. सेहरी उशिरा करावी आणि इफ्तारला उशीर करू नये, ही सुन्नत शरीराच्याही सोयीची आहे.

आता तुमची जळजळ आणि वजन. तुम्ही लिहिलेला इफ्तारचा थाळा वाचला: खजूर, सरबत, भजी, समोसे, मग नऊनंतर जेवण, वर खीर. एका समोशात 200 ते 250 कॅलरी असतात. तीन समोसे झाले की एक पूर्ण जेवण उरकलं, पण पोट त्याला जेवण मानत नाही, आणि साडेनऊला आपण पुन्हा बसतो. रिकाम्या पोटात आधी तेल गेलं की ते पोटात रेंगाळतं, आणि सेहरीनंतर लगेच आडवं झालं की आम्ल वर येतं. तुमची जळजळ याचीच आहे.

मी माझ्या घरात केलेला बदल सांगतो. खजूर आणि पाण्याने रोजा सोडायचा, कलिंगड किंवा पपई खायची, आणि मगरिबची नमाज पढायची. नमाजेवरून परत आल्यावर पानावर सरळ जेवण: भाकरी किंवा भात, कालवण, एक भाजी, काकडी. मधल्या दहा-पंधरा मिनिटांत भुकेचा जोर ओसरतो आणि हात आपोआप आखडतो. भजी बंद नाहीत, जुम्म्याला करतो. तरावीहनंतर जेवण नाही, फार तर पेलाभर दूध किंवा ताक. माझ्या बायकोला हे पटायला दोन रमजान लागले, कारण मोकळा दस्तरखान तिला पाहवत नव्हता. मी ते समजू शकतो. शेजारी थाळे पाठवायची पद्धत असतेच. फळांचा थाळा पाठवला तर कुणी कमीपणा मानत नाही.

सेहरीनंतर फजरची नमाज, थोडी तिलावत (कुराणपठण), अर्धा-पाऊण तास तरी बसून राहा. मगच आडवं व्हा आणि उशी उंच घ्या. आठवड्यात फरक पडला नाही तर आम्लाची गोळी डॉक्टरांना विचारून घ्या. शौचाला कडक होत असेल तर इसबगोल इफ्तारनंतर भरपूर पाण्यातून घ्यावं, सेहरीला नको.

झोपेचं गणित सरळ आहे. तरावीहनंतर साडेदहाला झोपलात तर साडेचारपर्यंत सहा तास मिळतात. त्यात जोहरच्या (दुपारच्या) नमाजेनंतर वीस-तीस मिनिटांची डुलकी. मुलालाही हेच लागू. दहावीच्या परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये असल्याने सध्या रमजान आणि पेपर एकत्र येतात. त्याने रात्री जागू नये, फजरनंतरचे दोन तास अभ्यासाला ठेवावेत, डोकं तेव्हा सगळ्यात ताजं असतं.

सासूबाईंबद्दल मात्र मला थांबून बोलायचं आहे.

काही वर्षांपूर्वी असरच्या अजानीनंतर एका घरातून निरोप आला: खालांना (मावशींना) रोजा लागलाय, जरा बघून जा. गेलो. खाला पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडलेल्या. घरातले म्हणत होते, सकाळपासून शांत आहेत, झोपू दिलं. मी हात धरला तर तळवा थंडगार आणि ओला, ओढणी मानेपाशी घामाने भिजलेली. पंखा चालू, खोलीत उकाडा नाही, तरी घाम. नाव विचारलं तर त्यांनी त्यांच्या वारलेल्या बहिणीचं सांगितलं. बोटाला सुई टोचली, शुगर 46. त्यांनी पहाटे ग्लिमेपिराइडची गोळी नेहमीच्याच डोसात घेतली होती आणि सेहरीला फक्त चहा-बिस्किट. साखरेचं पाणी ओठाला लावलं तर त्यांनी दात घट्ट मिटले. शुद्ध अर्धी हरपलेली, तरी रोजा आहे एवढं त्यांना कळत होतं. शिरेतून ग्लुकोज द्यावं लागलं. पंधरा मिनिटांनी त्यांनी डोळे उघडून मला ओळखलं आणि रडायला लागल्या. दुखत होतं म्हणून नव्हे, रोजा गेला म्हणून. मशिदीचे पेशइमाम घरी आले आणि त्यांनी खालांना समजावलं: कुराणात रोजे फर्ज केले त्याच ठिकाणी, सूरह बकरहच्या 184 आणि 185 व्या आयतीत, आजारी माणसाला सवलत दिली आहे. बरा होणाऱ्याने रोजे नंतर भरून काढावेत, ज्याला कधीच झेपणार नाही त्याने फिदया (रोज्याच्या बदल्यात गरजूला जेवण) द्यावा. खाला त्यानंतर रोज एका गरजू माणसाच्या घरी स्वतःच्या हातचा डबा पाठवू लागल्या.

त्यामुळे ताई, सासूबाईंचा निर्णय तुम्ही नवरा-बायकोने घेऊ नका आणि एकट्या सासूबाईंनीही नको. रमजानच्या सहा ते आठ आठवडे आधी त्यांना त्यांच्या डॉक्टरांकडे न्या. एचबीएवनसी (तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची तपासणी), क्रिएटिनिन (किडनीची तपासणी) आणि डोळ्यांची तपासणी झालेली असू द्या. शुगर वरचेवर खाली जात असेल, किडनी अधू असेल, हार्टचा त्रास असेल किंवा गेल्या काही महिन्यांत शुगरमुळे ॲडमिट व्हावं लागलं असेल, तर मी स्पष्ट सांगेन की रोजा नको. वय 67 आणि दोन वेळचं इन्सुलिन, एवढ्यावरच मी त्यांना जोखमीच्या गटात धरतो.

तपासणीनंतर डॉक्टरांनी परवानगी दिलीच, तर औषधांच्या वेळा बदलतात. सकाळचा मोठा डोस साधारणपणे इफ्तारला येतो आणि सेहरीचं इन्सुलिन बरंच कमी केलं जातं. मेटफॉर्मिनने एकट्याने शुगर धोकादायक खाली जात नाही, ग्लिमेपिराइड आणि ग्लिबेनक्लॅमाइडने जाऊ शकते. लघवीतून साखर बाहेर टाकणाऱ्या गोळ्यांनी, म्हणजे डॅपाग्लिफ्लोझिन वगैरेंनी, अंगातलं पाणी कमी होतं. बीपीच्या लघवी वाढवणाऱ्या गोळीचंही तेच. यातलं काहीही घरच्या घरी मागेपुढे करू नका, मी इथे लिहिलंय म्हणूनही नको. डॉक्टर कागदावर वेळ आणि युनिट लिहून देतील, तो कागद फ्रिजवर चिकटवा.

घरात ग्लुकोमीटर पाहिजेच. बोट टोचून शुगर पाहिल्याने रोजा जात नाही, हे बहुतेक उलमांचं (धर्मपंडितांचं) मत आहे. तरी सासूबाईंच्या मनात शंका असेल तर मौलानांच्या तोंडून त्यांना ऐकवा. इन्सुलिनचंही रमजानच्या आधीच विचारून घ्या. शुगर सेहरीआधी, दुपारी बाराला, असरला, इफ्तारआधी, इफ्तारनंतर दोन तासांनी आणि अस्वस्थ वाटेल तेव्हा पाहावी. 70 च्या खाली किंवा 300 च्या वर गेली तर रोजा तिथल्या तिथे सोडायचा. इफ्तारला दहा मिनिटं उरली असली तरी सोडायचा. 70 ते 90 मध्ये असेल तर तासाभरात पुन्हा पाहायची. इफ्तारला एक खजूर, फार तर दोन. तीन मध्यम खजुरांत 15-20 ग्रॅम साखर असते. तरावीह हाच त्यांचा व्यायाम समजा, वेगळं चालणं नको, आणि तरावीहला जाताना पर्समध्ये ग्लुकोजची पुडी असू द्या.

मिस्टरांसाठीही थांबण्याची खूण ठरलेली हवी. उभं राहिल्यावर चक्कर, बोलणं अडखळणं, भर उन्हात घाम अचानक बंद होऊन अंग तापणं, सकाळपासून लघवीच न होणं, छातीत दुखणं, यातलं एक जरी दिसलं तरी सावली आणि ओला पंचा. शुद्धीवर असेल तर पाणी पाजायचं, शुद्ध हरपत असेल तर तोंडात काही न घालता बोट बंदराकडे वळवायची. हे बोटीवरच्या सगळ्या खलाशांना माहीत असू दे, कारण ज्याला होतं त्याला स्वतःला बऱ्याचदा कळत नाही.

सासूबाईंना डॉक्टरांकडे नेताना चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पिशवी, इन्सुलिनचं पेन, महिन्याभरातले शुगरचे आकडे आणि गेल्या रमजानमध्ये कोणत्या दिवशी काय झालं होतं ते एका कागदावर लिहून न्या. मिस्टरांनाही सोबत न्या आणि त्यांचं बीपी एकदा तपासून घ्या, म्हणजे आगळ आणि ओआरएस त्यांना द्यायचं की नाही ते तिथेच कळेल.